खुर्ची कोणाची, सही कोणाची

चाकणच्या औद्योगिक वसाहतीत एका जर्मन कंपनीच्या भारतीय उपकंपनीत मी २३ वर्षे मनुष्यबळ विभागात काम केले. मोटारींच्या गिअरबॉक्सचे सुटे भाग तेथे तयार होत. या काळात मी पाच व्यवस्थापकीय संचालक पाहिले. पहिले चार जर्मनीहून आलेले होते आणि पाचवे आपल्याकडचे. आता निवृत्त झालेले आम्ही काही सहकारी महिन्यातून एकदा भेटतो आणि चहा येईपर्यंत विषय फिरून तेथेच येतो: मुख्यालयाने पाठवलेला साहेब बरा, की इथल्या मातीतला माणूस बरा? एक गट म्हणतो, शिस्त आणि तंत्रज्ञान त्यांच्यामुळेच आले. दुसरा म्हणतो, त्यांच्या एकट्याच्या खर्चात आपले तीन जण पोसले गेले असते आणि ते तिघेही त्यांच्यापेक्षा सरस निघाले असते. दोन्ही गटांचे म्हणणे मला अर्धे-अर्धे पटते, आणि उरलेल्या अर्ध्याविषयी बोलायला लागले की दोन्ही गट माझ्यावर रागावतात. म्हणून ते येथे सविस्तर लिहिते.

सुरुवात एका वेतन करारापासून करणे सोयीचे आहे. जुना करार संपून आठ महिने झाले होते, युनियनने मागणीपत्र दिले होते आणि कंपनीच्या बाजूने बोलणी आमचे कारखानाप्रमुख करत होते. ते साताऱ्याकडचे, मशीन शॉपमधून वर आलेले; कोणाच्या घरी आजारपण आहे आणि कोणाचा भाऊ शेजारच्या कारखान्यात किती पगार घेतो, हे त्यांना तोंडपाठ असे. दोन्ही बाजूंच्या आकड्यांतला फरक कमी होत होत माणशी महिना काही शे रुपयांवर आला आणि तेथे गाडी अडली, कारण त्यापुढची मंजुरी त्यांच्या हातात नव्हती. प्रत्येक बैठकीच्या शेवटी ते म्हणत, "विचारून सांगतो." पाचव्या की सहाव्या बैठकीत युनियनच्या सरचिटणीसांनी समोरची वही मिटली आणि ते म्हणाले, "साहेब, तुमचा मान ठेवूनच बोलतो. दर वेळी तुम्ही विचारूनच सांगणार असाल, तर ज्यांना विचारता त्यांनाच इथं बसवा ना."

दुसऱ्या दिवशी जर्मन व्यवस्थापकीय संचालक बैठकीला बसले. त्यांना मराठी येत नव्हते आणि हिंदी जेमतेम कळत होते. बोलणीतले बारकावे कारखानाप्रमुख आणि मी त्यांना समजावून देत होतो. अर्ध्या तासाने ते बाहेर गेले, मुख्यालयातल्या ज्या संचालकाच्या हाताखाली त्यांनी पूर्वी अनेक वर्षे काढली होती त्याला त्यांनी फोन केला आणि रक्कम मंजूर करून घेऊनच ते परत आले. हाच प्रस्ताव, याच आकड्यांसह, कारखानाप्रमुखांनी तीन आठवड्यांपूर्वी ईमेलने पाठवला होता.

या प्रसंगात चांगला व्यवस्थापक कोण होता, असे विचारले तर मी क्षणाचाही विचार न करता कारखानाप्रमुखांचे नाव घेईन. तोडग्याचा आकडा त्यांनी शोधला, कामगारांना त्यांनी तिथपर्यंत आणले आणि करार झाल्यावर तो निभावला तोही त्यांनीच. तरीही करार झाला तो दुसऱ्याच्या फोनमुळे. त्या दिवसानंतर मी नेमणुकांकडे पाहण्याची माझी पद्धत बदलली. माणूस कोणत्या देशाचा आहे याच्याआधी मी दोन कागद पाहू लागले.

पहिला कागद म्हणजे अधिकारमर्यादांचा तक्ता, ज्याला आमच्याकडे सगळे सिग्नेचर मॅट्रिक्स म्हणत. कोणत्या हुद्द्याच्या माणसाने किती रकमेची खरेदी, किती पगाराची भरती, किती रुपयांची सूट आणि किती मुदतीचा करार स्वतःच्या सहीने मंजूर करावा, याचे ते रकाने असतात. कंपनी कोण चालवते हे कळण्यासाठी संकेतस्थळावरील छायाचित्रांपेक्षा हा कागद अधिक उपयोगी पडतो. आमच्याकडे कारखानाप्रमुखांच्या रकान्यापुढचा आकडा इतका लहान होता की एका मध्यम दर्जाच्या मोजमाप यंत्रासाठीही त्यांना वर जावे लागे.

दुसरा कागद कारखाना परवान्याचा. माझ्या नोकरीच्या काळात लागू असलेल्या १९४८ च्या कारखाना अधिनियमानुसार कंपनीच्या कारखान्याचा भोगवटादार, ज्याला सगळे ऑक्युपायर म्हणतात, हा संचालक मंडळातलाच कोणीतरी असावा लागे, आणि अपघात झाला तर खटला त्याच्यावर आणि कारखाना व्यवस्थापकावर होई. परदेशातून आलेला माणूस हे पद घ्यायला सहसा तयार नसे, आणि त्याचे वकीलही त्याला तसाच सल्ला देत. शिवाय २०१३ च्या कंपनी कायद्याप्रमाणे किमान एक संचालक असा लागतो, जो आर्थिक वर्षात किमान १८२ दिवस भारतात राहिलेला आहे. या दोन्ही गरजा एका भारतीय अधिकाऱ्याला संचालक करून भागवल्या जात. आमच्या कारखानाप्रमुखांचे तेच झाले. त्यांना संचालकपद मिळाले तेव्हा घरी पेढे वाटले गेले. पण त्या पदाबरोबर आलेली सही ही तुरुंगाच्या वाटेवरची सही होती आणि तिजोरीच्या वाटेवरची सही पूर्वी होती तेथेच राहिली. जबाबदारीची सही स्थानिक माणसाची आणि पैशांची सही पाहुण्याची, ही विभागणी मी नंतर इतरही अनेक कंपन्यांत पाहिली, आणि स्थानिक विरुद्ध परदेशी या वादाचे मूळ मला तेथेच दिसते.

अभ्यासकांनी या विषयाला कधीच हात घातला आहे. हॉवर्ड पर्लमटर यांनी १९६९ मध्ये कंपन्यांच्या वृत्तीचे तीन प्रकार सांगितले: सर्व महत्त्वाच्या जागांवर आपल्याच देशाची माणसे बसवणाऱ्या, प्रत्येक देशाचा कारभार त्या त्या देशातल्या माणसांवर सोपवणाऱ्या आणि देश न पाहता माणूस पाहणाऱ्या. पुढे १९७७ मध्ये एडस्ट्रॉम आणि गॅलब्रेथ यांनी माणूस परदेशी पाठवण्यामागची कारणे मांडली: जागा भरायला योग्य माणूस तेथे नसतो, पाठवलेल्या माणसाला अनुभव द्यायचा असतो, किंवा मूळ कंपनी आणि उपकंपनी यांना माणसांच्या ओळखींनी बांधायचे असते. तिसरे कारण सर्वांत खरे आणि सर्वांत कमी बोलले जाणारे आहे. नेमणुकीच्या पत्रात नेहमी पहिले कारण लिहिलेले असते.

पहिले कारण खरोखरच खरे असते तेव्हा मात्र त्याच्यासारखे दुसरे काही नाही, हेही सांगितले पाहिजे. आमच्याकडे उष्णता प्रक्रियेची भट्टी बसवली तेव्हा गिअर कडक करताना वेडेवाकडे होत आणि महिनोन्‌महिने माल नाकारला जाई. मुख्यालयाने एक प्रक्रिया तज्ज्ञ पाठवला. हा गृहस्थ कोणत्याही बैठकीला वेळेवर येत नसे, पण रात्रपाळीला भट्टीपाशी उभा असे. गिअर ट्रेमध्ये कोणत्या क्रमाने रचायचे, तेलाचे तापमान कोठे मोजायचे, भट्टीचे दार किती वेळ उघडे राहिलेले चालते, अशा कोणत्याही पुस्तिकेत न लिहिलेल्या गोष्टी त्याने आयटीआय झालेल्या दोन मुलांना हाताला धरून शिकवल्या. भाषेचा प्रश्न फारसा आला नाही. तिघेही खडूने जमिनीवर आकृत्या काढत. दोन वर्षांनी तो परत गेला. पुढे कंपनीने मेक्सिकोत कारखाना काढला तेव्हा तेथील भट्टी सुरू करून द्यायला त्या दोघांपैकी एकाला पाठवले गेले, आणि तेथील लोकांच्या लेखी हा चाकणचा मुलगा परदेशातून आलेला तज्ज्ञ ठरला.

आता याच्या शेजारी आमचे तिसरे व्यवस्थापकीय संचालक ठेवते. माणूस सुसंस्कृत होता, कोणाशी कधी चढ्या आवाजात बोलला नाही. त्याची नेमणूक तीन वर्षांची होती. पहिले वर्ष कोण कोण आहे हे समजण्यात गेले, दुसऱ्या वर्षी त्याने पुरवठादारांची संख्या निम्म्यावर आणण्याचा उपक्रम हाती घेतला, आणि तिसऱ्या वर्षी त्याचे निम्मे लक्ष आपल्याला परत गेल्यावर कोणती जागा मिळणार याकडे होते. त्याच्या जागी आलेल्याने पुरवठादार पुन्हा वाढवले. दोन्ही निर्णयांची सादरीकरणे उत्तम होती. जेजुरी आणि भोसरीतल्या लहान कारखानदारांना यात काय सोसावे लागले हे मुख्यालयाच्या कोणत्याही अहवालात आले नाही, कारण दोन्ही निर्णयांचे परिणाम दिसायच्या आत निर्णय घेणारा विमानात बसलेला होता. तीन वर्षांची मुदत हा या पद्धतीतला सर्वांत महाग भाग आहे, पण खर्चाच्या तक्त्यात तो कोठेही दिसत नाही.

जो खर्च दिसतो तोही काही थोडा नसतो. घर, मुलांची आंतरराष्ट्रीय शाळा, वर्षातून एकदा कुटुंबासह मायदेशी जाण्याचा खर्च, चालक, आणि करानंतरची रक्कम ठरवून दिल्यामुळे कंपनीनेच भरायचा प्राप्तिकर, हे सर्व धरल्यास त्याच पातळीच्या भारतीय व्यवस्थापकाच्या दुपटी-तिपटीच्या पुढे हिशेब सहज जातो. त्यावर कायद्याची कामे वेगळी. नोकरीच्या व्हिसासाठी काही अपवाद वगळता वर्षाला किमान १६.२५ लाख रुपये वेतन असावे लागते. भविष्यनिर्वाह निधीच्या नियमांत २००८ मध्ये झालेल्या बदलामुळे परदेशी कर्मचाऱ्याची वर्गणी कोणत्याही कमाल मर्यादेशिवाय पूर्ण वेतनावर कापावी लागते. जर्मनी, जपान, दक्षिण कोरिया अशा ज्या देशांशी भारताचा सामाजिक सुरक्षा करार आहे, त्यांच्या माणसांना प्रमाणपत्र आणल्यास यातून सूट मिळते. मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नॉर्दर्न ऑपरेटिंग सिस्टिम्स प्रकरणात असा निकाल दिला की मूळ कंपनीने अशा रीतीने माणूस पाठवणे ही मनुष्यबळ पुरवण्याची सेवा आहे आणि तिच्यावर सेवाकर लागतो. त्यानंतर वस्तू व सेवा कराच्या नोटिसा अनेक कंपन्यांच्या टेबलावर आल्या, आणि मुख्यालयाचा माणूस कोणाच्या पगारपत्रकावर आहे, त्याला कामावरून काढण्याचा अधिकार कोणाला आहे, असे प्रश्न आमच्यासारख्यांना वकिलांपुढे बसून सोडवावे लागले. गंमत अशी की तो खरोखर कोणाचा माणूस आहे, हा जो प्रश्न कामगार पहिल्या दिवसापासून विचारत होते, तोच प्रश्न करखात्यानेही विचारला.

कुटुंबाचा भाग मी जवळून पाहिला आहे, कारण भाड्याचे घर दाखवण्यापासून पोलिसांकडच्या नोंदणीपर्यंत ती कामे माझ्याच विभागाकडे होती. एका वित्त अधिकाऱ्याची पत्नी स्वतः स्थापत्य अभियंता होती. अवलंबित व्हिसावर तिला येथे नोकरी करता येत नव्हती. कल्याणीनगरच्या मोठ्या घरात ती दिवसभर एकटी असे, आणि मी काही कामासाठी गेले की मला सोडत नसे. चौदाव्या महिन्यात ते कुटुंब परत गेले. फाइलवर "वैयक्तिक कारण" असे लिहिले गेले. रोझाली टंग यांनी १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकी आणि जपानी कंपन्यांची तुलना केली होती. अमेरिकी कंपन्यांनी परदेशी नेमणूक फसण्याचे पहिले कारण जोडीदाराला तेथे जमवून घेता न येणे हे दिले होते, तर जपानी कंपन्यांनी अधिकाऱ्याला वाढलेली जबाबदारी न पेलणे हे. जपानी अधिकाऱ्यांच्या पत्नींना सगळे जमत होते, की त्यांचे म्हणणे कोणी लिहून घेतले नव्हते, अशी शंका मला ते वाचताना आली होती.

स्थानिक माणसाची बाजू मी घेत आहे असे एव्हाना वाटले असेल, तर दुसरीही गोष्ट सांगते. आपला माणूस एकटा येत नाही. त्याच्याबरोबर त्याची माणसे येतात. चाकण परिसरात स्क्रॅपचा ठेका, कामगार पुरवण्याचा ठेका आणि बसचा ठेका यांवरून कोणकोणते दबाव येतात हे तेथे काम केलेल्या कोणालाही सांगावे लागत नाही. आमच्याकडे बसचा ठेका वर्षानुवर्षे एकाच घराकडे होता, दर चढे होते आणि खरेदी विभागातल्या कोणालाही तो विषय काढायचा नव्हता, कारण प्रत्येकाला त्याच रस्त्याने घरी जायचे होते. चौथ्या जर्मन संचालकाने तो विषय सहज, कोणताही आवेश न आणता काढला आणि निविदा मागवल्या. त्याचे गावात घर नव्हते, नातेवाईक नव्हते, मुलीचे लग्न जमवायचे नव्हते. बाहेरच्या माणसाचे परकेपण हे तेव्हा त्याचे भांडवल ठरले. अर्थात त्यानंतर आलेले फोन त्याला आले नाहीत, ते आमच्या खरेदीप्रमुखाला आले. पण ठेका बदलला हे खरे.

भारतीयांना वर आणण्याचा सर्वांत लांब आणि नीट आखलेला प्रयोग, माझ्या मते, मुंबईत झाला. युनिलिव्हरची लिव्हर ब्रदर्स इंडिया ही येथील कंपनी १९३३ ची आणि शिवडीचा साबणाचा कारखाना १९३४ चा. प्रकाश टंडन १९३७ मध्ये तेथे नोकरीला लागले, तेव्हा गोरा साहेब आणि काळा कारकून ही बॉक्सवाला, म्हणजे इंग्रजी व्यापारी, कंपन्यांची रीतच होती. १९४२ मध्ये युनिलिव्हरने ठरवले की कनिष्ठ आणि वरिष्ठ व्यवस्थापनाच्या जागांवर युरोपियनांऐवजी भारतीयांना तयार करायचे. यामागे निव्वळ उदारपणा होता असे मी मानत नाही. युद्ध चालू होते, इंग्लंडहून तरुण मिळणे कठीण असणार, आणि स्वातंत्र्याची चाहूल मुंबईत बसलेल्या व्यापाऱ्याला लागली नसती तरच नवल. पण ठरवल्याप्रमाणे ते केले गेले, हे महत्त्वाचे. १९५१ मध्ये टंडन पहिले भारतीय संचालक झाले, १९५५ पर्यंत ६५ टक्के व्यवस्थापक भारतीय होते, १९५६ मध्ये तीन कंपन्या मिळून हिंदुस्थान लिव्हर झाली आणि १९६१ मध्ये टंडन अध्यक्ष झाले तेव्हा २०५ पैकी १९१ व्यवस्थापक भारतीय होते. टंडन यांच्यानंतर १९६८ मध्ये वसंत राजाध्यक्ष अध्यक्ष झाले. पुढे नियोजन आयोगाचे सदस्य म्हणून आणि वीज क्षेत्रावरील समितीमुळे ज्यांचे नाव अनेकांनी ऐकले, तेच हे राजाध्यक्ष.

या हिशेबात मला १९१ या आकड्यापेक्षा १९४२ ते १९६१ ही १९ वर्षे अधिक बोलकी वाटतात. एवढा काळ लागला तो भारतीय माणूस लायक व्हायला लागला, असे कोणी म्हणत असेल तर ते मला मान्य नाही. लंडनच्या मुख्यालयाला त्याचा शब्द पुरेसा वाटायला तेवढा काळ लागला. टंडन यांनी हिशेबतपासनिसाचे शिक्षण इंग्लंडमध्येच घेतले होते, तिथली भाषा, तिथले विनोद, तिथले न बोललेले संकेत त्यांना ठाऊक होते. पुढेही ही रीत चालू राहिली. २००६ मध्ये चार दशकांहून अधिक काळानंतर प्रथमच डग्लस बेली हे परदेशी अधिकारी मुख्य कार्यकारी अधिकारी म्हणून तेथे आले, आणि त्यांच्यानंतर २००८ मध्ये नितीन परांजपे आले. परांजपे पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकलेले. पण त्या खुर्चीवर बसण्यापूर्वी ते लंडनमध्ये युनिलिव्हरच्या अध्यक्षांचे कार्यकारी सहायक होते. स्थानिक माणूस नेमला, असे आपण येथून म्हणतो. लंडनच्या दृष्टीने त्यांनी आपल्या ओळखीचा माणूस नेमला होता.

नेस्ले इंडियाचे उदाहरणही याच जातीचे आहे. जून २०१५ मध्ये अन्नसुरक्षा प्राधिकरणाने मॅगी नूडल्सवर बंदी घातली, तेव्हा व्यवस्थापकीय संचालक एटिएन बेने होते आणि पत्रकारांना सामोरे जायला कंपनीचे जागतिक प्रमुख पॉल बुल्के स्वतः दिल्लीला आले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये सुरेश नारायणन यांनी सूत्रे घेतली. मुंबई उच्च न्यायालयाने बंदी रद्द केली आणि नोव्हेंबरमध्ये मॅगी परत दुकानात आली. संकटात भारतीय माणूसच कामी येतो, असा निष्कर्ष तेव्हा सगळीकडे काढला गेला, आणि भारतीय अधिकारी, न्यायालये आणि आया यांच्याशी त्यांच्याच स्वरात बोलू शकणारा माणूस तेथे हवा होता यात शंका नाही. मात्र नारायणन फिलिपाइन्सच्या नेस्लेचे प्रमुखपद सोडून आले होते आणि त्याआधी त्यांनी इजिप्तमध्येही काम केले होते. इतर देशांत स्वतः परदेशी व्यवस्थापक म्हणून वावरलेला हा माणूस स्वित्झर्लंडला फोन लावी, तेव्हा पलीकडचा आवाज त्याच्या परिचयाचा असणार.

आता वाहन उद्योगाकडे येते, कारण आमचे पोट त्यावरच चालले. पुण्यात मर्सिडीज-बेंझ १९९४ मध्ये आली आणि तिला संतोष अय्यर यांच्या रूपाने पहिला भारतीय प्रमुख १ जानेवारी २०२३ रोजी मिळाला. ह्युंदाईची भारतीय कंपनी १९९६ ची. तिचे पहिले भारतीय व्यवस्थापकीय संचालक तरुण गर्ग यांनी १ जानेवारी २०२६ रोजी सूत्रे घेतली. म्हणजे दोन्हीकडे जवळजवळ तीन दशके. मारुतीत मात्र उलटा प्रवास झाला. सरकारचा मोठा वाटा होता तोपर्यंत व्यवस्थापकीय संचालक भारतीय असत. १९९७ मध्ये सरकारने भास्करुडू यांची त्या पदावर नेमणूक केली तेव्हा सुझुकीने हरकत घेतली, प्रकरण आंतरराष्ट्रीय लवादापर्यंत गेले आणि १९९८ मध्ये समेट झाला. समेटानंतर ज्यांची पाळी आली ते जगदीश खट्टरही भारतीयच, मूळचे प्रशासकीय सेवेतले. एका भारतीयाऐवजी दुसरा भारतीय, यासाठी कोणी लवादाकडे जात नाही; तो माणूस कोणाच्या विश्वासातला, एवढाच तो वाद होता. सुझुकीकडे बहुमत आले, सरकार बाहेर पडले, आणि २००७ च्या अखेरपासून आजवर ते पद जपानी अधिकाऱ्यांकडे आहे, तर अध्यक्षपदी आर. सी. भार्गव आहेत. ही जोडी इतकी वर्षे चालली, कारण सरकारशी, विक्रेत्यांशी आणि जमिनीशी बोलणारा एक आणि हामामात्सुशी, म्हणजे सुझुकीच्या जपानमधल्या मुख्यालयाशी, बोलणारा दुसरा, अशी कामे तेथे उघडपणे वाटलेली आहेत. आमच्याकडेही कामे अशीच वाटलेली होती. फक्त ते कोणी मान्य करत नसे.

आपण मालक होतो तेव्हा काय करतो, हेही पाहण्यासारखे आहे. टाटा मोटर्सने २००८ मध्ये जग्वार लँड रोव्हर घेतली आणि मुंबईहून साहेब पाठवला नाही. ब्रिटिश, मग राल्फ श्पेट हे जर्मन, मग एक फ्रेंच, मग पुन्हा ब्रिटिश, असे प्रमुख झाले. नोव्हेंबर २०२५ मध्ये त्या जागेवर पहिला भारतीय, पी. बी. बालाजी, आला, आणि तो टाटा मोटर्सचा मुख्य वित्त अधिकारी होता. मी हे वाचले तेव्हा मला आमचा सिग्नेचर मॅट्रिक्स आठवला. मालक कोणत्याही देशाचा असो, शेवटी पाठवतो तो हिशेब ठेवणाऱ्यालाच. आमच्याकडेही पहिला भारतीय व्यवस्थापकीय संचालक नेमला गेला त्याच महिन्यात वित्त विभागाचे प्रमुखपद, जे आठ वर्षे एका पुणेकराकडे होते, ते मुख्यालयातून आलेल्या माणसाकडे गेले.

तेव्हा कोणी मला विचारलेच, तर मी म्हणते की सुरुवातीच्या वर्षांत भट्टीपाशी उभा राहणारा तज्ज्ञ बाहेरून आणावा आणि त्याला तीन नव्हे, पाच वर्षे ठेवावे. विक्री, कामगार आणि सरकार ही तीन कामे पहिल्या दिवसापासून येथल्या माणसाकडे असावीत. आणि प्रमुखपदी येथला माणूस बसवायचा असेल, तर त्याआधी त्याला दीड-दोन वर्षे मुख्यालयात, तेही काही खऱ्या कामाच्या जागेवर, ठेवावे. तेथील उपाहारगृहात ज्याने ज्याच्याबरोबर जेवण केले आहे, त्याचा ईमेल तो माणूस आधी उघडतो.

आमच्या चौथ्या संचालकाला हे कळत होते. परत जाण्याच्या दोन वर्षे आधी त्याने मुख्यालयाला कळवले की आपल्या जागी कारखानाप्रमुखांना नेमावे, त्यापूर्वी त्यांना १८ महिने तिकडे बोलवावे आणि नेमणुकीनंतर त्यांच्या सहीची मर्यादा आपल्याएवढीच ठेवावी. पहिल्या दोन गोष्टी मान्य झाल्या. पन्नाशी उलटलेले आमचे कारखानाप्रमुख मॅक्स म्युलर भवनात विशीतल्या मुलांबरोबर बसून जर्मन शिकले आणि तिकडे जाऊन खरेदी विभागात काम करून आले. तिसऱ्या मागणीबाबत उत्तर असे आले की नव्या संचालकांची मर्यादा तूर्त पूर्वीच्या दोन तृतीयांश राहील आणि "अनुभव पाहून" वाढवली जाईल. हा अनुभव नेमका कोणाचा पाहायचा होता, असे मी तेव्हा विचारले होते. त्यावर कारखानाप्रमुख नुसते हसले. उरलेला एक तृतीयांश मिळवायला त्यांना पावणेदोन वर्षे लागली. मधल्या काळात एक वेतन करार झाला. त्या बोलणीत "विचारून सांगतो" हे वाक्य एकदाच आले, आणि या वेळी ते युनियनच्या बाजूने आले, कारण सरचिटणीसांना आपल्या कार्यकारिणीला विचारायचे होते.